ऐकणारे मन

मराठी भाषेने शहाणपणाची जेवढी थट्टा केली आहे तेवढी मूर्खपणाचीही केलेली नाही. एखाद्याला 'मूर्ख' म्हटले तर तो एक वेळ ऐकून घेईल. पण 'मोठा शहाणा लागून गेलास' असे म्हणा, की भांडण ठरलेलेच. आपल्याकडे दीडशहाणा असतो, अतिशहाणा असतो, आणि त्या अतिशहाण्याचा बैल रिकामा राहतो. नुसता शहाणा, पुरता एक शहाणा, असा माणूस आपल्या वाडवडिलांना फारसा भेटला नसावा. मला यात खेड्यातला जुना अनुभव दिसतो. आपण शहाणे आहोत अशी ज्याची खात्री झाली तो कोणाचे ऐकेनासा होतो. आणि जो ऐकत नाही त्याच्या बैलावर कोणी माल चढवीत नाही.

अशा भाषेत शहाणपण देवापाशी कसे मागावे, यावर बोलायचे म्हणजे थोडी जोखीमच आहे. मी ख्रिस्ती घरात वाढलो, तेव्हा दाखले त्या घरातले येतील, पवित्र शास्त्रातले येतील. पण शेताचा बांध, पाण्याची पाळी, म्हातारे आईबाप आणि शाळेतली पोरे ही सर्वांना सारखीच असल्यामुळे माझे बोलणे इतरांनाही अगदीच परके वाटू नये.

१८५२ साली रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. इथल्या मंडळ्यांचा इतिहास तेव्हापासूनचा. आज शहरात मोठी देवळे आहेत, आणि आसपासच्या खेड्यांतून वीस-पंचवीस घरांच्या लहान मंडळ्याही आहेत. त्यांत शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, दवाखान्यातल्या परिचारिका आहेत. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले की एक मागणे हटकून येते: देवा, ज्ञान दे, सुज्ञता दे. राज्यकर्त्यांना दे, अधिकाऱ्यांना दे, तरुणांना दे, मंडळीच्या पंचांना दे. आम्ही सगळे मनापासून 'आमेन' म्हणतो. मग बाहेर येऊन लिंबाच्या झाडाखाली उभे राहतो, आणि ऊसबिलाच्या आणि भाऊबंदकीच्या गोष्टी सुरू होतात. ती यादी एकदा लक्ष देऊन ऐका. शहाणपण मागितलेले असते ते बहुतेक दुसऱ्यासाठी. पंचांना मिळावे असे मंडळीला वाटते, मंडळीला मिळावे असे पंचांना वाटते, आणि सुनेला मिळावे असे सासूला वाटते. मीही त्याच यादीतला आहे. तो कसा, हे पुढे सांगतो.

आधी शलमोनाची गोष्ट. ती तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. दावीद राजाचा हा मुलगा तरुणपणीच गादीवर बसला. गिबोन येथे यज्ञ करून तो निजला असता स्वप्नात देव म्हणाला, तुला हवे ते माग. त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, धन मागितले नाही, वैऱ्याचा नाशही मागितला नाही. त्याने लोकांचा न्याय करण्यापुरते शहाणपण मागितले. इथवर आपण शब्बाथशाळेत शिकतो. पण त्याने नेमके काय मागितले हे मूळ हिब्रू भाषेत पाहिले तर मौज आहे. तिथल्या शब्दांचा सरळ अर्थ 'ऐकणारे अंतःकरण' असा होतो. त्या भाषेत अंतःकरण म्हणजे नुसती माया-ममता नव्हे. विचार करण्याचे, निवाडा करण्याचे ठिकाणही तेच. तेव्हा राजाने उत्तरे मागितली नाहीत. त्याने कान मागितले, पण ते मनाला.

आणि लगेच पुढची गोष्ट येते ती त्या दोन स्त्रियांची. एकाच घरात राहणाऱ्या दोघी. दोघींना मुले झाली, एकीचे रात्रीत दगावले, आणि जिवंत मूल माझेच असे दोघीही म्हणू लागल्या. साक्षीदार कोणी नाही. आपण तलवारीची गोष्ट लक्षात ठेवतो. मुलाचे दोन तुकडे करा, असे राजा म्हणाला आणि खरी आई कळवळली. परंतु तलवार मागवण्याआधी राजाने केले काय? ही असे म्हणते आणि ती तसे म्हणते, असे दोघींचे म्हणणे त्याने आपल्या तोंडाने पुन्हा म्हणून दाखवले. ते वाक्य वाचताना आपण घाईने पुढे जातो. मला आता वाटते की निम्मा न्याय तिथेच झाला. आणि ती तलवार तरी कशासाठी होती? आईचा आवाज ऐकू यावा म्हणून.

आता माझी गोष्ट.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्याला महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. मी कोल्हापूर शहरात अडकलेला. आई शिरोळ तालुक्यात, नदीकाठच्या गावी, एकटी. गावातली निम्मी घरे रिकामी झाली होती, आणि आई घर सोडायला तयार नव्हती.

मी तिला फोन केला. मी शिकवणारा माणूस. मला वाटते, नीट समजावले की माणसाला पटते. मी तिला पाण्याची पातळी सांगितली. धरणाचे किती दरवाजे उघडले ते सांगितले. आदल्या दिवशी किती फूट होते आणि आज किती आहे, म्हणजे उद्या किती होईल, असा त्रैराशिकाचा हिशोबही मांडला. ती 'हं' म्हणाली. मी आवाज चढवला. तू कोणाचे कधी ऐकतेस का, असे म्हणालो. ती म्हणाली, "बरं, ठेव आता." आणि फोन बंद झाला.

त्या रात्री मी गुडघे टेकले. प्रार्थना मनापासूनची होती, यात शंका नाही. माझे हात थरथरत होते. देवाला म्हणालो, तिला सुबुद्धी दे. तिचा हट्ट सोडव. माझे म्हणणे तिला पटू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा भाऊ इचलकरंजीहून एका ओळखीच्या माणसाचा ट्रॅक्टर घेऊन कसाबसा गावात पोचला. तो यंत्रमागावर काम करतो, फार बोलणारा नाही. पुढचे त्याने मला सांगितले ते असे. आई गोठ्यात होती. त्याने 'चल' असे म्हटलेच नाही. तिच्याबरोबर म्हशीला वैरण टाकली, शेण बाजूला केले, आणि मग विचारले, "आई, अडलंय कशात?"

आई म्हणाली, "रेडकू चार दिसाचं हाय. पाण्यात उभं ऱ्हाईल का ते? आणि त्याला सोडून म्हस हलायची न्हाई. तुम्ही समदी मला चल म्हणतायसा, हिचं काय करायचं ते कुणी इचारंना."

एवढेच होते. भावाने रेडकू पोत्यात गुंडाळून ट्रॉलीत घातले, आईला त्याच्याजवळ बसवले, आणि म्हैस रेडकाच्या ओढीने आपणहून मागोमाग चालत आली. अर्ध्या तासाचे काम. त्या संध्याकाळी पाणी उंबऱ्याला लागले, आणि तिसऱ्या दिवशी पडवीची भिंत बसली.

पुढे आई माझ्याकडे आली तेव्हा मी विचारले, मला फोनवर का सांगितले नाहीस? ती म्हणाली, "तू पाण्याचं सांगत हुतास. मी काय मधी बोलू?" थोड्या वेळाने आपणच म्हणाली, "मी रातभर देवाला इचारत हुतो, ह्या जनावराचं काय करू म्हणून. त्यानं धाकट्याला धाडलं."

श्रोतेहो, त्या एका रात्री एकाच घरातल्या दोन माणसांनी एकाच देवाकडे शहाणपण मागितले. आईने आपल्यापुरते मागितले. काय करू, असे विचारले. मी दुसऱ्यासाठी मागितले, आणि माझा निकाल आधीच लागलेला होता. मला देवाचे शहाणपण नको होते. मला देवाची सही हवी होती.

तसे पाहिले तर ही खोड जुनी आहे. शलमोनाच्याच घरातले उदाहरण घ्या. त्याच्या मागून त्याचा मुलगा रहबाम गादीवर आला. लोक येऊन म्हणाले, तुमच्या वडिलांनी आमच्यावर फार भार लादला, तो हलका करा, आम्ही तुमची चाकरी करू. रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली. हे चांगलेच केले. मग वडिलांच्या पदरच्या म्हाताऱ्या मंत्र्यांना विचारले. त्यांनी सांगितले, गोड बोला, लोकांचे ऐका. मग बरोबर वाढलेल्या तरुण सोबत्यांना विचारले. ते म्हणाले, आणखी जोराने दाबा. त्याने तरुणांचे ऐकले, आणि बारांपैकी दहा वंश राज्यातून फुटून निघाले. आपण म्हणतो, त्याने सल्ला घेतला नाही. तसे नव्हे. त्याने दोनदा सल्ला घेतला. आपल्या मनातले बोलणारा माणूस सापडेपर्यंत तो विचारत राहिला.

मंडळीतही असे पुष्कळ चालते. मुलीचे स्थळ ठरवायचे असते, जमीन विकायची असते. मग कोणी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतो आणि बोट पडेल ते वचन म्हणजे देवाचे उत्तर असे मानतो. वचन मनासारखे आले नाही तर पुन्हा एकदा उघडतो. मी यावर हसत नाही. घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो. पण हे कौल लावण्यासारखेच झाले. कोणी मला सांगतील की प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्या होत्या. खरे आहे. यहूदाच्या जागी दुसरा निवडताना चिठ्ठ्या टाकल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत आरंभीच लिहिले आहे. पण तेच पुस्तक पुढे वाचा. पंधराव्या अध्यायात मंडळीपुढे फार बिकट प्रश्न आला. परराष्ट्रीय लोक विश्वास ठेवू लागले. त्यांनी यहूद्यांचे नियमशास्त्र पाळले पाहिजे की नाही? मंडळी दुभंगण्याची वेळ आली होती. तेव्हा कोणी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. यरुशलेमात सभा भरली. खूप वादविवाद झाला. पेत्र बोलला. मग बर्णबा आणि पौल यांनी परराष्ट्रीयांत काय पाहिले ते सांगितले, आणि ते सांगत असता सगळा समुदाय गप्प बसून ऐकत होता, असे लेखक मुद्दाम नोंदवतो. त्यानंतर याकोबाने निकाल मांडला. आमच्या मंडळ्यांच्या वार्षिक सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्या गप्प बसण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांचा विषय निघाला की नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे घर आठवतेच. टिळक मोठे कवी, बुद्धीने तीक्ष्ण, मनाने उदार. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या निर्णयाच्या खरेपणाविषयी कोणाला शंका घेता येणार नाही. त्या पायी त्यांनी आप्त गमावले, मानमरातब गमावला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. परंतु तो निर्णय त्यांनी ज्या रीतीने अमलात आणला त्याचा घाव बसला लक्ष्मीबाईंना. पदरी लहान मुलगा, वय पुरते तीसही नाही, शिक्षण म्हणावे तर टिळकांनी शिकवले तेवढेच. चार वर्षांहून अधिक काळ दोघे एकमेकांपासून दूर राहिली. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपल्याला हसू येते; पण त्या हसण्याच्या खाली या चार वर्षांचे पाणी किती खोल आहे हे दोनदा वाचल्यावर कळते.

मग लक्ष्मीबाई नवऱ्याकडे राहायला आल्या, त्या धर्म बदलून नव्हे. स्वतःचा आचार ठेवून, स्वतःचा स्वयंपाक वेगळा ठेवून आल्या. आणि टिळकांचा मोठेपणा मला इथे दिसतो: बाप्तिस्म्याच्या वेळी जे त्यांना जमले नाही ते आता जमले. त्यांनी जबरदस्ती केली नाही. ते थांबले. एवढा वक्तृत्वाचा धनी, पण घरात त्याने व्याख्यान आवरले. आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या गतीने, आपल्या डोक्याने विचार केला. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कोणत्या ग्रंथात शोधला नाही. स्वतःच्या मनाशी उलगडला, आणि एकदा उलगडल्यावर कोणाच्या हातचे खाण्यापिण्याचा विधिनिषेध सोडून दिला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या निर्णयाने.

दोघांपैकी शहाणे कोण, असा प्रश्न मी वर्गात विचारत नाही. मुले चटकन लक्ष्मीबाईंचे नाव घेतात, आणि मग टिळकांचे वाचणेच सोडून देतात. माझे म्हणणे एवढेच, की टिळकांना ज्ञान होते आणि श्रद्धाही होती. तरी त्या दोन्हींच्या बाहेर एक गोष्ट शिल्लक राहिली होती, ती त्यांना पत्नीपासून दुरावून राहिल्यानंतर मिळाली. पुढे टिळकांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले. १९१९ साली ते वारले तेव्हा त्याचे थोडेच अध्याय झाले होते. उरलेले बरेचसे काव्य पूर्ण केले ते लक्ष्मीबाईंनी.

आता याच्या उलट बाजूचीही एक चूक आहे, तिच्याविषयी दोन शब्द. काही भाविक माणसे म्हणतात, देवाने शहाणपण द्यायचे तर आम्ही डोके कशाला चालवायचे? त्यांनी मिरजेची आठवण करावी. इथून पन्नासएक किलोमीटरवर मिरजेत डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. शस्त्रक्रियेच्या आधी ते प्रार्थना करीत. ही गोष्ट आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडून अजून ऐकू येते. पण प्रार्थना केली म्हणून हत्यारे उकळायची राहिली, असे तिथे झाले नाही. रोग्याची नाडी पाहिली, त्याला काय दुखते ते विचारले, हात धुतले, आणि मग प्रार्थना केली. खेड्यातली माणसे बैलगाडीत घालून रोगी आणीत ती त्या हातांच्या कसबावर विसंबून. माझ्या समजुतीप्रमाणे ती प्रार्थना शिकलेले विसरायला लावणारी नव्हती. शिकलेले सगळे कामी यावे आणि त्याचा ताठा मात्र हाताला येऊ नये, म्हणून ती होती.

मग आपल्याला मिळालेले शहाणपण वरून आलेले आहे की आपल्याच डोक्यातले आहे, हे ओळखावे कसे? नव्या करारात याकोबाचे एक छोटे पत्र आहे. ज्याला शहाणपण कमी पडते त्याने देवाकडे मागावे, देव ते देताना मागणाऱ्याला हिणवत नाही, हे याकोबाने पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. मला हे हिणवत नाही म्हणणे फार मोलाचे वाटते. आपण कोणाला सल्ला देतो तेव्हा निम्मा वेळ 'तेव्हाच सांगितले होते' यातच जातो. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात वरच्या शहाणपणाच्या खुणा दिल्या आहेत: ते निर्मळ असते, शांतता करणारे असते, सौम्य असते, दया करणारे असते, त्यात पक्षपात आणि ढोंग नसते. या सगळ्यांच्या मधोमध एक खूण आहे तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'सहज समजावता येईल असे' असा आहे. म्हणजे खऱ्या शहाण्याला दुसऱ्याने काही पटवून दिले तर पटते! आपण शहाण्याला ओळखतो ते तो दुसऱ्याला किती पटवतो यावरून. याकोब त्याच्या उलट बाजूने मोजतो.

या मापाने मी त्या पुराच्या रात्री पार नापास होतो. माझे आकडे सगळे बरोबर होते, एकही चुकला नव्हता.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक लहानशी गोष्ट सांगावीशी वाटते. आपण वर्गात प्रश्न विचारतो, आणि पोर तोंड उघडण्याच्या आत उत्तरही आपणच देऊन टाकतो. मीही वर्षानुवर्षे तेच केले. पुरानंतरच्या वर्षापासून मी एक नियम केला: प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी मला ते दहा आकडे दहा मिनिटांसारखे वाटले. सातव्या आकड्याला मागच्या बाकावरून एक मुलगी बोलली. ती दोन वर्षे माझ्या वर्गात होती, आणि तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. तिचे उत्तर चूक होते, ही गोष्ट वेगळी. पण ते का चुकले हे ऐकल्यावर मला कळले की तो धडाच मी दोन वर्षे चुकीच्या टोकाने सुरू करीत होतो.

घरात हे अधिक अवघड जाते. वर्गात निदान घंटा होते. घरात बायको काही सांगू लागली की आपल्याला पुढचे ठाऊकच असते. मुलगा बोलू लागला की त्याचे बोलणे कुठे जाणार हे आपण आधीच ओळखलेले असते. मोठ्या भावाने धाकट्याचे, सासूने सुनेचे, पाटकऱ्याने टोकाच्या शेतकऱ्याचे ऐकायचे म्हणजे आपला निकाल थोडा वेळ बाजूला ठेवायचा, आणि तो तसाच बाजूला राहील अशीही शक्यता गृहीत धरायची. मला वाटते, ज्या प्रार्थनेत ही शक्यता नसते तिला शहाणपण मागणे म्हणता येणार नाही. मागणारा हात पसरतो. आपण मूठ आवळून देवापुढे धरतो.

ज्यांच्या घरी पवित्र शास्त्र आहे त्यांनी एक जुनी रीत चालू ठेवण्यासारखी आहे. जुन्या करारात नीतिसूत्रे नावाचे पुस्तक आहे. त्यात शहाणपणाला एका बाईचे रूप दिले आहे. ती वेशीजवळ, चव्हाट्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारते. म्हणजे ती देवळात दडून बसलेली नाही, बाजारात उभी आहे. या पुस्तकाचे अध्याय एकतीस. महिन्याचे दिवसही फार तर एकतीस. म्हणून आमच्याकडे कित्येक घरांत तारीख पाहून अध्याय वाचतात. आज पाच तारीख असेल तर पाचवा. शिकलेला असो की नसो, कोणीतरी वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि दिवा मालवायच्या आधी दिवसभरात काय काय झाले त्याविषयी चार शब्द बोलतात.

त्यातला शेवटचा, एकतिसावा अध्याय म्हणजे लमुएल नावाच्या राजाला त्याच्या आईने शिकवलेल्या गोष्टी. मुक्यांच्या वतीने बोल, गरिबाचा न्याय कर, असे ती माउली मुलाला सांगते. आई अजून आमच्या गावी असते. पडवीची भिंत नवीन बांधली आहे, आणि ते रेडकू मोठे होऊन दोनदा व्याले. मागे एकदा मी तिला म्हणालो, हा अध्याय वर्षातून सात वेळाच वाचून होतो, कारण एकतीस दिवसांचे महिने सातच. तिला ते मुळीच पसंत पडले नाही. तेव्हापासून तीस दिवसांच्या महिन्यात ती शेवटच्या दिवशी दोन अध्याय वाचायला लावते, आणि फेब्रुवारीत चार.